साडेचार सेंटिमीटरांतला नाताळ

डिसेंबर लागला की वसईच्या पापडी, गास, निर्मळ, आगाशी या पट्ट्यात गोठे उभे राहू लागतात. बांबूच्या काटक्या, भाताचा पेंढा, माती, कुणाकडे टोपलीत रुजवलेली हिरवीगार नाचणी, आणि मधोमध गव्हाणी. गोव्यातही तेच. या गोठ्याला अंगण लागतं, निदान खोलीचा एक कोपरा तरी. ज्यांच्या घरात कोपरा उरलेला नाही, त्यांच्यासाठी भिंतीवर टांगायचा गोठा हा फार चांगला मार्ग आहे. वीस बाय पंचवीस सेंटिमीटरची काच लावलेली खोल चौकट घ्यायची आणि तिच्यात नक्षीदार कागदातून कापलेले थर एकामागे एक बसवायचे. हस्तकलेच्या दुनियेत ही वस्तू शॅडो बॉक्स म्हणून ओळखली जाते. फ्रेमवाल्याकडे ‘बॉक्स फ्रेम’ मागितली की तो समजतो. आतून साडेचार सेंटिमीटर खोली हवी एवढं मात्र त्याला मोजून सांगावं, कारण पुढचा सगळा हिशेब त्या साडेचारात बसवायचा आहे.

हाताशी कागद भरपूर असतो, हौसही असते, आणि पेटी बघता बघता भरून जाते. मग ती काचेआड ठेवलेल्या भेटकार्डासारखी सपाट दिसते. पेटीला खोली येते ती थरांमध्ये सोडलेल्या जागेमुळे आणि त्या जागेत पडणाऱ्या सावलीमुळे. ही गोष्ट युरोपातल्या कागदी कारागिरांना तीनशे वर्षांपूर्वी नेमकी कळली होती.

जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात मार्टिन एंगेलब्रेख्ट (१६८४–१७५६) हा ताम्रपटावरून चित्रं छापून विकणारा प्रकाशक होता. त्याने छोट्या कागदी रंगभूमीचे संच काढले. एका संचात बहुधा सहा ते आठ पत्ते, हाताने रंगवलेले, आणि शेवटचा सोडून प्रत्येक पत्त्याचा मधला भाग कापून काढलेला. लाकडी पेटीतल्या खाचांमध्ये हे पत्ते ओळीने उभे करायचे आणि समोरून पाहायचं. बागा, राजदरबार, शिकारी, बायबलमधले प्रसंग, सगळं एका पेटीत मावायचं. पुढच्या पत्त्यावर दोन्ही बाजूंना झाडं किंवा खांब, त्यामागे माणसं, त्यामागे इमारती, सगळ्यात मागे आकाश अशी त्याची रचना असे. आजही त्यात बदल करण्यासारखं काही नाही. पुढे १८२०च्या दशकात व्हिएन्नात आणि मग लंडनमध्ये भात्यासारख्या उघडणाऱ्या कागदी पेट्या आल्या. टेम्स नदीखालचा बोगदा १८४३मध्ये लोकांसाठी खुला झाला, तेव्हा तिथे जाऊन आलेली मंडळी त्या बोगद्याची अशी घडीची कागदी प्रतिकृती आठवण म्हणून घरी नेत.

गोठ्याची परंपरा त्याहून बरीच जुनी. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३च्या नाताळात इटलीतल्या ग्रेच्चो गावी गव्हाणीचा देखावा उभा केला, तिथपासून तिची कथा सांगितली जाते. कागदाचा गोठा मध्य युरोपात घरोघर पोचला त्यामागे मात्र एक राजकीय कारण होतं. ऑस्ट्रियावर राज्य करणारा सम्राट दुसरा जोसेफ याने १७८०च्या दशकात चर्चमध्ये गोठे मांडायला बंदी केली. लोकांनी ते घरात आणले. घरात जागा थोडी आणि खिसा हलका, म्हणून कोरीव लाकडाची जागा बऱ्याच ठिकाणी रंगवलेल्या कागदाने घेतली. आजच्या चेकियातल्या त्रेबीच गावात कागदी मूर्तींचे पायऱ्यापायऱ्यांचे गोठे अजून मांडतात. पोलंडच्या क्राकूव्ह शहरात हिवाळ्यात काम नसलेले गवंडी शहरातल्या चर्चच्या मनोऱ्यांसारखे उंच गोठे पुठ्ठा आणि चकचकीत रंगीत वर्खी कागद वापरून करत. त्या गोठ्यांची स्पर्धा तिथे १९३७ साली सुरू झाली, आणि २०१८मध्ये युनेस्कोने या कलेची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली. लाकूड परवडत नाही म्हणून हातात आलेल्या कागदाने लोकांनी काय उभं केलं हे पाहिलं की या साहित्याबद्दल मनात आदर दाटून येतो.

आता थरांमधल्या रिकाम्या जागेकडे वळू. माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे प्रत्येक डोळ्याला दृश्य किंचित वेगळं दिसतं. या फरकावरून मेंदू खोलीचा अंदाज बांधतो. अर्ध्या मीटरवरून पाहताना दोन थरांत एक सेंटिमीटर जागा असेल तर ती डोळ्यांना अगदी सहज जाणवते. पण हा फरक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. तीच पेटी पाच मीटरवरून पाहिली तर अंतर दहापट झालेलं असतं आणि फरक शंभर पटीने कमी होतो, म्हणजे जवळजवळ नाहीसाच होतो. हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला पेटी खोल दिसायची असेल तर ते काम सावलीला करावं लागतं.

सावलीचा हिशेब सोपा आहे. उजेड वरून तिरका, पंचेचाळीस अंशांत येत असेल तर थरामागे जेवढी जागा तेवढीच सावली खाली सरकते. एक सेंटिमीटर जागा म्हणजे एक सेंटिमीटरची सावली. अर्धा सेंटिमीटर सोडला तर बारीक काळी किनार दिसते आणि थर नुसता उचलल्यासारखा वाटतो. दोन सेंटिमीटर सोडले तर सावली इतकी दूर जाते की ती कुणाची तेच कळत नाही, शिवाय मागच्या चित्रावर ती विनाकारण काळोख करते. म्हणून पुढच्या थरांमागे एक आणि मागच्या थरांमागे अर्धा सेंटिमीटर, हे मला सगळ्यात पटलेलं प्रमाण आहे. निसर्गातही जवळची झाडं एकमेकांपासून सुटी दिसतात आणि दूरचे डोंगर एकमेकांना चिकटल्यासारखे.

तर साडेचार सेंटिमीटरांची वाटणी अशी. पाठीचा पुठ्ठा आणि आकाश यांच्यामध्ये एक सेंटिमीटर, तिथे दिव्यांची माळ बसेल. आकाशापुढे अर्ध्यावर चर्च, त्यापुढे अर्ध्यावर घरं, त्यापुढे एकावर गोठा, त्यापुढे एकावर सगळ्यात पुढची कमान. कमान आणि काच यांच्यात उरलेला अर्धा. हा शेवटचा अर्धा सेंटिमीटर वाचवायचा मोह होतो, पण कागद काचेला टेकला की पावसाळ्यात दमट हवेने तो तिथेच चिकटतो आणि पुढे काढताना रंगासकट सोलून येतो.

चर्च आणि घरं कशी असावीत याबद्दल माझं मत ठाम आहे. बाजारात मिळणाऱ्या नाताळच्या कागदावर सूचिपर्णी झाडं आणि बर्फ असतो, आणि तो उत्तरेकडच्या देशांचा खराखुरा हिवाळा आहे. वसईच्या माणसाने मात्र आपला नाताळ कापावा. चर्चचं पांढरं दर्शनी रूप, मागे माड, कौलारू घरं, ओटीवर टांगलेला बांबूच्या कामट्यांचा कागदी तारा. डिसेंबरातल्या थंडीत रात्रीच्या मिस्साला निघालेली माणसं जे पाहतात ते पेटीत आलं पाहिजे.

कागद निवडताना पहिली कसोटी नक्षीच्या आकाराची. घर चार सेंटिमीटर उंच असेल आणि त्याच्या भिंतीवरचं फूल दोन सेंटिमीटरचं असेल तर ते घर राहत नाही, फुलाचा तुकडा होतो. मागच्या थरांना बारीक ठिपके, बारीक रेघा, पुढे येता येता मोठी नक्षी. सगळ्यात पुढच्या कमानीला हवी तेवढी ठळक वेलबुट्टी चालते. असा कागद शोधायला हस्तकलेच्या महागड्या दुकानात जायला हवंच असं नाही. जुन्या लग्नपत्रिका ही मराठी घरातली मोठीच ठेव आहे. जाड, सोनेरी छाप्याच्या, कडेला कोयऱ्या नाहीतर जाळीची नक्षी असलेल्या. गणपतीचं चित्र किंवा नावं असलेला भाग बाजूला ठेवावा, उरलेल्या नक्षीतून अख्खी कमान निघते. बँकेच्या पाकिटांची आतली बाजू उघडून बघा. आतला मजकूर बाहेरून दिसू नये म्हणून तिथे निळ्या-करड्या रेघांचं फार बारीक जाळं छापलेलं असतं. दूरच्या घरांच्या भिंतींना त्याच्याइतका योग्य कागद मला माहीत नाही. डोंगर किंवा ढग हवे असतील तर पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचा सुती चिंध्यांपासून केलेला कागद घ्यावा. त्याचे तंतू लांब असतात, म्हणून कात्री न लावता हाताने फाडला की कडेला मऊ, पिंजलेली किनार येते. पाण्याचा ब्रश एका रेषेत फिरवून मग फाडला तर ती किनार हवी तिथेच निघते.

वर्तमानपत्राचा कागद मात्र कितीही सुंदर दिसला तरी दूर ठेवावा. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन त्यात तसंच राहिलेलं असतं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं आणि कागद ठिसूळ होतो.

दुसरी कसोटी रंगाच्या गडदपणाची. नाताळ म्हणजे लाल आणि हिरवा, आणि नेमकी इथेच पेटी फसते. गडद लाल आणि गडद हिरवा डोळ्यांना अगदी वेगळे वाटतात, पण त्यांचा उजळपणा बहुधा सारखाच असतो. लाल कौलं हिरव्या माडासमोर ठेवली आणि दोन पावलं मागे गेलं की दोघांची कड एकमेकांत विरघळते. उपाय मोबाइलमध्ये आहे. कागदाचे तुकडे ज्या क्रमाने बसणार त्या क्रमाने टेबलावर मांडा आणि कृष्णधवल फोटो काढा. पुढचा तुकडा सगळ्यात काळा आणि मागचे क्रमाने फिकट दिसले तर निवड बरोबर. दोन शेजारचे थर एकाच करड्या रंगाचे दिसले तर त्यातला एक बदलायचा, तो कितीही आवडता असो. रात्रीच्या देखाव्यात हा क्रम दुहेरी उपयोगी पडतो. दिवसा फिकट पडत जाणारे रंग दूरचेपण दाखवतात, आणि रात्री मागचा दिवा लावला की पुढचे थर काळ्या आकृत्या होऊन उभे राहतात.

आता कापणं. कारखान्यात झालेल्या कागदात बहुतेक तंतू एका दिशेने पडलेले असतात. पत्ता हळूच दोन्ही बाजूंनी वाकवून पाहिला की ज्या बाजूने तो सहज वाकतो ती घडी तंतूंना समांतर असते. माडाचं खोड याच दिशेत उभं कापायचं. आडवं कापलं तर पहिल्याच पावसाळ्यात ते मान टाकतं. हातकागदात ही दिशा जवळजवळ नसते, म्हणून तो कसाही कापला तरी चालतो, पण बारीक खोडाला लागणारा ताठपणा त्यात नसतो. खोडासाठी १८० ते २२० जीएसएमचं कार्डशीट बरं. माडाच्या झावळीला कागदाची लांबट घडी घालायची, घडीकडे शीर ठेवायची आणि कडेकडून शिरेकडे तिरक्या चिरा द्यायच्या. चीर शिरेच्या अलीकडे दोन मिलिमीटरवर थांबली पाहिजे. घडी उघडून शीर बोटांनी किंचित कमानदार केली की झावळी कागदातून बाहेर येते, आणि तिची सावली मागच्या थरावर खऱ्या झावळीसारखीच पडते.

कटर वापरताना आधी आतल्या खिडक्या, दारं, ताऱ्याची भोकं कापायची आणि बाहेरची कड शेवटी, कारण बाहेरचा कागद शाबूत असेपर्यंत आतला भाग हलत नाही. वळण कापताना हात स्थिर ठेवून कागद फिरवायचा. पात्याचं टोक बोथट झालं की ते कागद कापत नाही, ओढतं, म्हणून ते वेळीच मोडून नवं टोक पुढे घ्यावं. आणखी एक बारीक गोष्ट. छापील कागदाचा गाभा पांढरा असतो. कापलेल्या कडेवर तो पांढऱ्या रेघेसारखा दिसतो आणि काळोख्या पेटीत फार खुपतो. त्याच रंगाच्या स्केचपेनचं टोक आडवं धरून कडेवरून फिरवलं की रेघ जाते. एवढ्या एका कामाने पेटीचं रूप पालटतं.

प्रत्येक थर हा मधोमध खिडकी असलेली पूर्ण चौकट असतो, म्हणून सगळ्यांचा बाहेरचा आकार एकच ठेवायचा. चौकटींमध्ये पाच मिलिमीटर जाडीच्या सनबोर्डच्या, एक सेंटिमीटर रुंद पट्ट्या चारी बाजूंनी चिकटवायच्या. जिथे एक सेंटिमीटर जागा हवी तिथे दोन पट्ट्या एकावर एक. या पट्ट्या बाहेरून दिसता कामा नयेत. बाजूने, पंचेचाळीस अंशांतून पाहणाऱ्यालाही त्या दिसू नयेत यासाठी चौकटीचा काठ हा पट्टीची रुंदी अधिक मागची जागा इतका, म्हणजे दोन सेंटिमीटर हवा. मागच्या चौकटींचे काठ त्याहून थोडे थोडे आत येऊ द्यावेत. त्यामुळे समोरून पाहताना पायऱ्यांसारखी मागे जाणारी कमान तयार होते. एंगेलब्रेख्टच्या पत्त्यांमध्ये झाडांच्या फांद्या हेच काम करतात.

चिकटवायला फेविकॉल पुरेसा आहे, पण त्यात पाणी असतं. जाड थर दिला की कागद तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतो आणि सुकताना गुंडाळतो. जुन्या व्हिजिटिंग कार्डाच्या कडेने अगदी पातळ ओढावा आणि रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवावा. वर्खी आणि सोनेरी कागदाला दुहेरी टेपच बरी. पूर्वी बुकबाइंडर मैद्याची खळ वापरत आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत. मोरचूद विषारी आहे, घरात मुलं असतील तर त्याच्या वाटेला जाऊ नये. आणि बिनमोरचुदाची खळ म्हणजे कसरीला आमंत्रण, म्हणून खळ या कामातून पूर्ण वगळावी.

आकाशाच्या थराला मात्र, मागे फिकट होत जाण्याचा क्रम मोडून, गडद निळा कागद घ्यावा आणि त्यात शिवणाच्या सुईने तारे टोचावेत. मागून दिवा लावला की चांदणं पडतं. ही युक्तीसुद्धा अठराव्या शतकातली आहे. भिंगातून पाहायच्या त्या काळच्या शहरचित्रांमध्ये खिडक्या आणि कंदील टोचून मागे रंगीत पातळ कागद लावत, आणि मागून मेणबत्ती धरली की दिवसाचं शहर रात्रीचं होई. आपल्या पेटीत चर्चच्या आणि घरांच्या खिडक्यांमागे पिवळा पतंगाचा कागद लावता येतो. गोठ्यावरच्या मोठ्या ताऱ्यासाठी बटर पेपर उत्तम, त्यातून उजेड पसरून येतो आणि दिव्याचा टिपका दिसत नाही. मात्र आकाशाच्या मागचा उजेड घरांच्या खिडक्यांपर्यंत पोचायचा असेल, तर खिडक्यांच्या अगदी सरळ मागे आकाशात आणि चर्चमध्ये तेवढाच भाग कापून मोकळा ठेवावा लागतो. हे आरेखन करतानाच ठरवायला हवं, नंतर ते जमत नाही.

दिवे तांब्याच्या बारीक तारेवरचे एलईडीच घ्यावेत. त्यांची उष्णता नगण्य असते. जुन्या छोट्या बल्बच्या माळा बंद कागदी पेटीत कधीही घालू नयेत, त्या तापतात. सेल बटणाचे असतील तर त्यांच्या डबीला स्क्रू आहे ना हे विकत घेतानाच पाहावं. लहान मुलाने असा सेल गिळला तर तो अन्ननलिकेत अडकून दोन तासांच्या आत आतून भाजू शकतो. अशी शंका जरी आली तरी तडक रुग्णालय गाठायचं असतं.

गोठ्यातल्या आकृत्या मी सगळ्यात शेवटी करते. मरिया, योसेफ, मेंढपाळ, बैल आणि गाढव. बैल आणि गाढव लूकच्या शुभवर्तमानात नाहीत, यशयाच्या ग्रंथातल्या उल्लेखावरून ते परंपरेने गव्हाणीजवळ आले, आणि आता त्यांच्याशिवाय गोठा पुरा वाटत नाही. या आकृत्यांना नक्षीदार कागद वापरू नये असं मला वाटतं. साध्या, एकरंगी, हाताने फाडलेल्या कडांच्या आकृत्या भोवतालच्या बारीक नक्षीत लगेच नजरेला येतात. डोळ्यांना विसावायला पेटीत तेवढीच एक जागा असते. नाकडोळेही काढू नयेत. तीन सेंटिमीटरच्या आकृतीत मान किती झुकली आहे यावरून सगळं कळतं. बाळाची आकृती गव्हाणीमागे कापलेल्या खाचेत वरून सरकवता येईल अशी केली तर घरातली मुलं २४ डिसेंबरच्या रात्री ती स्वतः बसवू शकतात. त्यासाठी काच पुढून उघडणारी फ्रेम करून घ्यावी लागते. थोडी महाग पडते, पण मुलांच्या घरी हा खर्च जरूर करावा.

सगळं बसवून झालं की पाठीचा पुठ्ठा खिळ्यांनी कायमचा ठोकू नये, फिरत्या पकडी लावून घ्याव्यात. सेल बदलायला आणि सप्टेंबरात आतली सिलिका जेलची पुडी काढून नवी टाकायला पाठ उघडावीच लागते. पेटी पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीसमोर लावू नये. छापील लाल रंग उन्हाने सगळ्यात आधी उडतो आणि निळा तसाच राहिल्यामुळे वर्षा-दोन वर्षांत सगळा देखावा थंड, करडा दिसू लागतो. खोलीतला मुख्य दिवा जिथे असेल त्याच्या किंचित बाजूला, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर खिळा ठोकावा. तिथे वरचा उजेड तिरका येतो आणि कमानीची सावली गोठ्याच्या छपरावर पडते, बाळाच्या अंगावर पडत नाही.